लेक घरी आली, एवढंच!

आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. सासुरवाशिणींसाठी हा सण दिवाळीपेक्षाही मोठा. निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, आमरस-पुरणपोळीचा बेत असतो. ‘तुमची लेक कधी येतेय?’ असं महिनाभर आधीपासून एकमेकींना विचारलं जातं. पण ती का आली, असं मात्र कुणीच विचारत नाही. लेक घरी येणार, यात विचारायचं काय?

२०२५ च्या आखाजीला माझीही लेक घरी आली. तिचं लग्न झालेलं नाही. ती इंग्लंडमधल्या लीड्सहून अन्नशास्त्रातली एम.एस्सी. करून आली. आखाजीच्या आठ दिवस आधी दोन मोठ्या बॅगा घेऊन अमळनेरच्या स्टेशनावर उतरली. आणि चौथ्याच दिवशी भाजीबाजारात, गवार निवडता निवडता, आमच्या ओळखीच्या एका आजीबाईंनी मला विचारलं, ‘काबर उनी वं परत?’ परत का आली गं ती?

मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, ‘सुट्टीवर आलीय.’

मैत्रिणींनो, मी गेली सोळा-सतरा वर्षं बचत गटांचं काम करते. बायकांनी खरं बोलावं, लोकांना घाबरू नये, असं गावोगावच्या बैठकांत सांगत फिरते. आणि स्वतःच्या पोटच्या पोरीबद्दल, ती शिकून घरी आली या साध्या गोष्टीबद्दल, मी तीन आठवडे खोटं बोलत राहिले! शेजारी विचारलं की ‘सुट्टी’, नणंदेचा फोन आला की ‘सुट्टी’. एकदा तर किराणा दुकानात ‘जूनमध्ये जाणार आहे परत’ असंही बोलून गेले. लेक मागेच उभी होती. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘आई, जूनमध्ये मी कुठे जाणार आहे?’

त्या दिवशी रात्री आम्ही दोघी गच्चीवर बसलो. खरं म्हणजे ती आली तेव्हाच हे बसणं व्हायला हवं होतं. पण मी तेव्हा तिला वेगळाच प्रश्न विचारला होता. तिथे शिक्षण संपलं की दोन वर्षं राहून काम शोधायची मुभा तिला मिळाली होती. ‘अजून दीड वर्षाच्या वर शिल्लक असताना का आलीस?’ असं मी तिला स्टेशनवरून येताना रिक्षातच विचारलं होतं. म्हणजे बाजारातल्या आजीबाईंच्या आधी तो प्रश्न मीच विचारला होता!

गच्चीवर तिने सांगितलं. कोर्स संपल्यापासून ती रात्रपाळीला एका गोदामात खोकी भरत होती. मला मात्र रोज फोनवर ‘ऑफिसला निघालेय’ असं सांगायची. स्वतःच्या विषयातल्या नोकऱ्यांसाठी दीडशेच्या वर अर्ज केले होते. मुलाखतीला बोलावणारे मोजके. तेही शेवटी विचारायचे, ‘आमच्या कंपनीने तुझा पुढचा व्हिसा करावा लागेल का?’ ‘हो’ म्हटलं की मेल बंद. ती म्हणाली, ‘आई, मला कामाची लाज नव्हती. पण मी रोज तुझ्याशी खोटं बोलत होते, त्याने थकले.’

ती आमच्याशी खोटं बोलत होती आणि मी गावाशी. का? तर एकदा गेलेल्या मुलीने परत येणं म्हणजे हरणं, असं आम्ही दोघींनीही धरून ठेवलं होतं.

हे आमच्या एकाच घरातलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं. पण हल्ली आपल्यासारख्या लहान गावांतूनही मुलं-मुली परदेशी शिकायला जातात. पूर्वी हे पुण्या-मुंबईचं होतं. आता शिक्षकाची, शेतकऱ्याची, दुकानदाराची मुलं जातात. घर किंवा शेत गहाण ठेवून जातात. जाताना आपण हार घालतो, पेढे वाटतो, पेपरात फोटो देतो. परत येताना काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नाही.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मुलं परत येतात ती सगळी नालायक म्हणून नव्हेत. तिथले नियम बदलतात. इंग्लंडचंच घ्या. परदेशी माणसाला कुशल कामावर ठेवायचं तर त्याला किमान किती पगार द्यावा लागतो, याची तिथे अट आहे. ही सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून एकदम ३८,७०० पौंडांवर गेली. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना थोडी सवलत आहे, पण नव्या पोरीसाठी एवढा खटाटोप किती कंपन्या करणार? आमची लेक सप्टेंबर २०२३ मध्ये गेली तेव्हा एक नियम होता, नोकरी शोधायला लागली तेव्हा दुसरा. यात तिचा अभ्यास कुठे कमी पडला?

दुसरी गोष्ट आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची. तिचा मुलगा किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून आला. वडिलांनी तो येण्याआधीच हौसेने नावाची पाटी करून घेतली, पुढे ‘डॉ.’ लावून. पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथे आधी परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, पास व्हायला दीडशे गुण. ती पास झाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय दवाखाना नाही. वर इथे इंटर्नशिपही करावी लागते. या परीक्षेत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात. त्या मुलाचे दोन प्रयत्न हुकले. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे ठेवलीय. तो बिचारा लग्नकार्याला जात नाही, कारण प्रत्येक जण पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘काय डॉक्टरसाहेब, दवाखाना कधी टाकताय?’ त्याची आई म्हणते, ‘ताई, नापास झाल्याचं दुःख एवढं नाही. पण पोरगा दिवसभर खोलीचं दार लावून बसतो, त्याची भीती वाटते.’

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा हजारो मुलं शिक्षण अर्धवट टाकून जीव मुठीत घेऊन परतली. सरकारने विमानं पाठवून त्यांना आणलं. तेव्हा विमानतळावर हार-फुलं होती. पण विमानतळावरून घरी आल्यावर त्यांच्या आईबापांनाही हाच प्रश्न विचारला गेला, ‘मग आता पुढे काय?’ युद्धातून आलेल्या पोरांना जिथे श्वास घ्यायला सवड नाही, तिथे आमच्या लेकीला कोण देणार?

शिकून परत येणं आपल्याकडे नवीन नाही. आमच्या अमळनेरकरांना तर एक गोष्ट पाठ आहे. १९६६ साली अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते. वडील अचानक गेले आणि एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून ते परतले. अमळनेरचा तेल आणि वनस्पती तुपाचा कारखाना त्यांनी हातात घेतला. त्यातूनच पुढे विप्रो झाली. आज त्यांच्या परतण्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण एक लक्षात घ्या, त्यांना परत यायला एक कारखाना होता. आमच्या मुलींना परत यायला काय असतं? एक खोली, आणि गल्लीभर प्रश्न.

आणि नुसती पदवी असून भागत नाही, हेही आपल्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदानरेशांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये परतून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, आणि तिथूनही हाकललं गेलं. त्यांच्यावर जे गुदरलं ते जातीमुळे. त्याची तुलना आमच्या पोरीच्या दुःखाशी मी करणार नाही, तो करंटेपणा होईल. पण त्यातून मी एक घेते. ज्ञान माणूस बाहेरून आणू शकतो, जागा मात्र आपल्याच माणसांनी द्यावी लागते.

आमच्या लेकीचा विषय अन्नशास्त्र, म्हणून तिने मला कमला सोहोनींबद्दल सांगितलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या भारतात आल्या, दिल्लीला शिकवू लागल्या, पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. कशावर संशोधन केलं? तर नीरेवर, कडधान्यांवर. आपल्या गरीब माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टींवर. मी बी.ए. झालेली, मला त्यातलं रसायन कळत नाही. पण केंब्रिजहून आलेल्या बाईने नीरा तपासायला घेतली, हे मला फार आवडलं.

आता व्यवहाराचं बोलू. कारण भावना कितीही असल्या तरी बँक थांबत नाही. लेकीसाठी आम्ही वीस लाखांचं कर्ज काढलं. राहतं घर तारण. व्याज साडेदहा टक्के. शिक्षण संपल्यावर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, एवढंच आम्ही ऐकलं होतं. पण व्याज त्या काळातही चालूच असतं, हे नीट कळलं नव्हतं. पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला साडेसतरा हजार नुसतं व्याज! ते माझ्या नवऱ्याने शिक्षकाच्या पगारातून भरलं. नाही तर तेही मुद्दलात चढलं असतं. आणि दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता बसतो सुमारे सत्तावीस हजार.

हा हिशेब आम्ही आधी का केला नाही? केला होता, पण पौंडात! तिथे एवढा पगार, त्यातले इतके वाचले की दोन वर्षांत कर्ज फिटलं. ‘ती परत आली तर?’ हा विचारच अशुभ वाटायचा. प्रवासाला निघणाऱ्या माणसाला ‘कुठे’ विचारू नये, तसं. तर बायांनो, हे अशुभ एकदा बोलून टाका. मुलगी निघण्याआधीच कागद घेऊन बसा आणि हप्ता रुपयातल्या पगारावर मांडा. इथे परत येऊन पंचवीस हजारांची नोकरी लागली तर हप्ता कोण भरेल? उत्तर सापडत नसेल तर कर्जाचा आकडा कमी करा, दुसरा देश बघा, शिष्यवृत्ती शोधा, नाही तर एक-दोन वर्षं थांबा. आणि मुलीला हेही सांगून ठेवा की परत यावंसं वाटलं तर ये, दार उघडं आहे. आम्ही हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला रात्रपाळीवर जाताना ‘ऑफिस’ म्हणावं लागलं नसतं.

‘वीस लाख घालून चोवीस हजारांची नोकरी? मग गेलीच कशाला?’ असं माझे एक दीर म्हणाले. मला राग आला, पण प्रश्न खोटा नाही. आज आमची लेक जळगावच्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत, चोवीस हजारांवरच काम करते. सकाळच्या गाडीने जाते, संध्याकाळी येते. पंधरा हजार हप्त्याला देते, बाकीचे आम्ही घालतो. घर अजून सुटलेलं नाही. हे सगळं गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. आमचा निर्णय पैशांच्या हिशेबात चुकला, हे मी मान्य करते. पण चूक हिशेबाची होती, पोरीची नव्हती. आणि तिच्या परत येण्याची तर मुळीच नव्हती.

शिवाय तिने काय आणलं, तेही सांगते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या गटाचे पापड परत आले. पाकिटात बुरशी धरली होती. दुकानदार चिडला, बायका एकमेकींवर ढकलायला लागल्या. मी लेकीला म्हटलं, ‘चल, बघ तरी.’ ती आली, पाकिटं उघडून बघितली. बायकांना वाटलं, आता इंग्रजीत भाषण करेल. ती म्हणाली, ‘मला लगेच सांगता येणार नाही. दोन दिवस तुमच्यासोबत बसते.’ आणि खरंच बसली. पीठ मळण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत. तिला दिसलं ते असं. वरून कडक दिसणाऱ्या पापडात आत ओल राहत होती, पूर्ण गार व्हायच्या आधीच ते पाकिटात जात होते, आणि पाकिटाचा कागद पातळ होता. ढगाळ दिवसांत नुसत्या वाळवणावर भागणार नाही, हे तिने पटवून दिलं. त्यानंतरचा माल परत आला नाही. त्याहून मला मोठं वाटलं ते तिचं वाक्य, ‘मला लगेच सांगता येणार नाही.’ आमच्याकडे शिकलेला माणूस असं कधी म्हणतो का?

त्या दिवशी एका बाईने तिला विचारलं, ‘बेटा, तू आता इथेच ना?’ ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, ‘हो मावशी, सध्या इथेच.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुटल्यासारखंही वाटलं.

आणखी एक विषय राहिला. लग्न! मुलगी परत आली की आपल्याला एकच सुचतं. आल्याच्या महिन्यात तीन स्थळं आली. एकाने विचारलं, ‘परत जाणार असेल तर बघू.’ दुसऱ्याने विचारलं, ‘परत जाणार नसेल तर बघू.’ तिसऱ्याने विचारलं, कर्ज किती! मी १९९८ साली बी.ए. झाले. निकाल लागला आणि तीन महिन्यांत माझ्या हातात हिरवा चुडा. मला एम.ए. करायचं होतं, पण कॉलेज संपल्यावर आयुष्य सुरू होतं म्हणजे लग्नच होतं, दुसरं दारच नव्हतं. नवरा चांगला मिळाला, माझी तक्रार नाही. पण ‘तुला आता काय करावंसं वाटतं?’ असं मला त्या वयात कुणी विचारलं नाही. मग निदान लेकीला तरी विचारायला नको का? तिला लग्न करायचंच आहे, पण स्वतःच्या पायावर दोन वर्षं उभं राहून. कर्ज लपवून नाही, आणि कर्ज दाखवून खाली मान घालूनही नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी मुलं-मुली येतील त्या सगळ्या आयांना माझं मनापासून सांगणं आहे. पहिले काही आठवडे काहीही विचारू नका. झोपू द्या, कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊ द्या. मग एक दिवस शांतपणे बसा, कर्जाचे कागद समोर ठेवा, मुलांपासून काही लपवू नका. हप्ता सुरू होण्याआधी बँकेत जाऊन बोला. थकल्यावर जाण्यापेक्षा आधी गेलेलं बरं. जुन्या पद्धतीने आयकर भरत असाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, ती सोडू नका. सरकारी नोकरीसाठी किंवा पुढे पीएच.डी.साठी परदेशी पदवीला समकक्षतेचा दाखला लागू शकतो, त्याची चौकशी घरी बसल्या बसल्याच करून ठेवा. भारत आणि ब्रिटनमध्ये जुलै २०२२ मध्ये पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झालाय, तोही माहीत असू द्या. आणि मूल दार लावून बसायला लागलं, जेवण-झोप उडाली, तर ‘नाटकं’ म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि आपण शेजारणींनी काय करावं? अगदी सोपं आहे. ‘का आली?’ऐवजी ‘कधी आली? जेवायला पाठव की आमच्याकडे!’ एवढं म्हणावं. गावातल्या कॉलेजने तिला एक तास बोलायला बोलवावं. ‘तिकडे कसं असतं’ हे खरं-खरं तिच्याकडूनच कळेल, फी घेऊन पाठवणारे ते सांगत नाहीत. आणि काम असेल तर काम द्यावं. लहान का असेना, पण तिच्या शिक्षणाचा उपयोग होईल असं.

परवा बाजारात त्याच आजीबाई पुन्हा भेटल्या. म्हातारं माणूस, विसरून गेल्या असाव्यात. पुन्हा तेच, ‘पोर काबर उनी वं परत?’ या वेळी मी गवार खाली ठेवली आणि सांगितलं, ‘आजी, शिक्षण झालं, घरी आली. जळगावला नोकरी करते.’ आजीबाईंनी एवढंच म्हटलं, ‘मंग बरं झालं वं माय. घरचं माणूस घरी बरं.’

म्हणजे त्यांच्या मनात काहीच नव्हतं. तीन आठवडे मी जी लाज वाहत होते ती गावाने माझ्या डोक्यावर दिलेली नव्हती. मीच उचलून घेतली होती, आणि अर्धी लेकीच्या डोक्यावर ठेवली होती. तुमच्याही घरी कुणी परत आलं असेल, तर आधी ती उतरवून ठेवा. बघा, पटतंय का!